पाणी सोडण्याची वेळ

बाथरूमच्या दाराची आतली कडी काढली, त्याला वर्ष झालं.
आरशावर जुना टॉवेल. आत एक म्हातारा उभा असतो
आणि सारखा बघतो, अशी अण्णांची तक्रार होती.
काळी रबरी मॅटही गेली.
तिच्यावर पाय ठेवायला सांगितलं की
चौकट धरून मागे रेलायचे:
"विहिरीत ढकलतेस काय गं?"
आता पांढरी आहे.
भिंतीला स्टीलचा दांडा. प्लंबर म्हणाला, टाइल फुटेल.
म्हटलं, फुटू दे. हाडापेक्षा टाइल स्वस्त.

तीस वर्षं या माणसानं ठाण्याला पाणी पाजलं.
पहाटे साडेतीनला सायकल,
दांडीला बांधलेली पुरुषभर उंचीची लोखंडी चावी.
कोपरीत रस्त्यातलं झाकण उचलून गुडघ्यावर बसायचे
आणि चेंदणीपासून मीठबंदरापर्यंत
हंडे वाजायला लागायचे.
लग्नघरची माणसं आदल्या रात्री दारात यायची,
"वैती, उद्या पंधरा मिनिटं जास्त सोडा."
वैती आला, म्हणजे पाणी आलं.

आता शॉवरचा आवाज झाला
तरी दोन्ही कानांवर हात.

सुरुवातीला मी समजावत बसायची.
चार दिवस झाले अण्णा, वास येतो, डॉक्टर ओरडतील.
एकदा त्यांनी मारलं. मनगटावर, तांब्यासकट.
मी पाणी एकदम डोक्यावर ओतलं होतं,
बँकेत जायला उशीर होत होता.
हे लिहायची गरज नव्हती.
पण लिहिलं.

मग एका मंगळवारी स्टुलावर बसले,
पंचा मांडीशी मुठीत घट्ट.
मी लेक की कोण, ते ठरत नव्हतं,
समोर बाई आहे एवढं मात्र कळत होतं.
नळाकडे बघून म्हणाले,
"चावी कुणाकडे आहे?"
"तुमच्याकडेच," म्हटलं,
आणि त्यांचा हात नळावर ठेवला.
"हळू," त्यांनी मलाच बजावलं.
"एकदम सोडायचं नाही कधी.
लाइन रात्रभर रिकामी असते,
आधी हवा निघू दे,
नाहीतर सांधे फुटतात."

आधी हवा निघू दे.

तेव्हापासून पाणी कोपरानं बघते, आणि आधी पाय.
घोट्यावर अर्धा तांब्या. थांबायचं.
पोटरी. थांबायचं.
"आता कोळीवाडा?" मी विचारते.
"सोडा," म्हणतात.
खांदे म्हणजे टेकाडावरची वस्ती,
तिथे दाब पोचायला वेळ लागतो.
पाठ पंच्याखालून हात घालून चोळते.
जे झाकायचं ते झाकलेलंच भिजतं,
झाकलेलंच पुसलं जातं.
साबण त्यांच्या हातात. कधी छातीला लावतात,
कधी नुसता हुंगत बसतात.
डोकं आठवड्यातून एकदा,
तेही हो म्हणाले तर.

नाही म्हणाले तर नाही.
काल नाही म्हणाले.
"आज शटडाऊन आहे," मी जाहीर केलं,
आणि त्यांनी जाणत्या माणसासारखी मान हलवली.
पलंगावरच कोमट फडक्यानं मान, काखा, बोटांच्या बेचक्या.
कुणाचं काही अडलं नाही.

आज झाली आंघोळ.
पंखा बंद. उन्हात ठेवलेला टॉवेल खांद्यावर.
पायाची बोटं कोरडी करायला मी खाली बसते,
रस्त्यातल्या झाकणाशी ते बसायचे तशी.
ते वरून बघतात, माझ्या भिजलेल्या बाह्या,
कपाळाला चिकटलेले केस,
आणि अनोळखी बाईला विचारावं तसं,
जरा काळजीनंच विचारतात,
"तुमच्याकडे पाणी आलं का, बाई?"

आलं.

"दाब बरा आहे?"

बरा आहे, अण्णा.